जांभूळ कुणाचं?

फुलबागेच्या कडेला, पत्र्याच्या एवढ्याशा खोलीत तुळजा आणि तिची आई राहायच्या. आई बागेत माळीकाम करायची. थंडीत दोघींना मिळून एकच गोधडी! तुळजाकडे खेळणी नव्हती; होता फक्त कुणीतरी टाकून दिलेला जुना संगणक. त्याच्याशी बोलता यावं म्हणून तिने एक इवलीशी भाषा तयार केली. ‘नाच’ लिहिलं की पडद्यावर जांभळी चिमणी थुईथुई नाचायची, ‘उड’ लिहिलं की भुर्रकन उडायची. वस्तीतली पोरं जांभळाच्या झाडाखाली बसून ती शिकायची, म्हणून भाषेचं नाव पडलं ‘जांभूळ’.

एके सकाळी काळ्या कोटातले नाकतोडे वकील तरातरा आले.

“जांभूळ हे आमच्या झगमग कंपनीच्या यंत्राचं नाव आहे! रीतसर नोंदवलंय. तुझी भाषा आजच्या आज बंद कर!”

मग त्यांनी झाडाभोवती ‘नाव घेण्यास मनाई’ अशी चिकटपट्टी गुंडाळली. फाटकाशी जांभळं विकणाऱ्या हौसाआजीलाही दटावलं. बिचारी आजी ओरडू लागली, “काळी-निळी, लांबट-गोल फळं घ्या!” ती काय विकतेय तेच कुणाला कळेना. टोपली भरलेलीच राहिली.

तुळजा रडवेली होऊन झाडाशी गेली. पाहते तर चिकटपट्टीत काहीतरी लुकलुकतंय. बोटाएवढी परी! तिचा चंदेरी पंख पट्टीला चिकटला होता. तुळजाने फुंकर घालत, ओल्या बोटांनी तो अलगद सोडवला.

“गुणाची गं माझी पोर!” परी म्हणाली. “एक इच्छा माग. पण स्वतःसाठी मागायचं नाही, आणि कुणाचं वाईटही मागायचं नाही हं.”

आपली भाषा तुळजाच्या अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात तिला आजीची भरलेली टोपली दिसली.

“मग हौसाआजीला तिची हाक परत दे. तिची जांभळं खपू देत.”

परीने चिमुकली कांडी फिरवली. सोनेरी कण भुरभुरत फाटकाकडे गेले.

“जांऽऽभळं घ्या, टप्पोरी जांभळं!”

आजीचा आवाज असा गोड घुमला की सायकली थांबल्या, रिक्षा थांबल्या, आणि एक चकचकीत मोटारही थांबली. त्यातून झगमग कंपनीचे मालक गोलेसाहेब उतरले. त्यांनी मूठभर फळं तोंडात टाकली. जीभ जांभळीगर्द!

“अहाहा! काय गोड जांभूळ!”

नाकतोडे धापा टाकत आले. “साहेब, हे नाव परवानगीशिवाय घेतलंत! आपल्याला नोटीस द्यावी लागेल.”

“मला? माझ्याच कंपनीची?”

“नियम म्हणजे नियम, साहेब!”

गोलेसाहेब पोट धरधरून हसले. “अहो, आपल्या कितीतरी आधीपासून हे झाड इथे आहे. त्याने कधी आपल्याला नोटीस दिली?” आणि त्यांनी चिकटपट्टी टराटरा फाडली.

झाडाखालच्या पडद्यावर नाचणारी चिमणी पाहून ते थक्कच झाले. “ही भाषा तुझी? मग नावही तुझंच, बाळ.”

“माझं एकटीचं नको, काका. सगळ्यांचं असू दे.”

गोलेसाहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्यांनी बागेत मुलांसाठी नवे संगणक ठेवले आणि तुळजाला नि आईला पक्कं, उबदार घर बांधून दिलं. नाकतोडे वकील हळूच पोरांत येऊन बसले, ‘नाच’ लिहिलं आणि टाळ्या पिटू लागले.

“येते हं, सोनुले,” परी कुजबुजली. “पुन्हा ये हं!” तुळजा म्हणाली. फांद्यांतून जांभळा-सोनेरी प्रकाश झळाळला, पानन्‌पान लखलखलं, आणि परी त्या उजेडात विरघळून गेली.

“कुणाशी बोलतेयस गं?” आईने विचारलं.

तुळजा आईच्या कुशीत शिरली आणि हसतच राहिली.