आलो म्हणणारा इनास

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा वसईच्या खाडीवर पूल नव्हता, आणि खारमाळ गावाला बाहेरचं जग होडीतूनच दिसायचं.

खारमाळला इनास नावाचा तारी होता. होडीनं माणसांना खाडीपार न्यायचं हे त्याचं काम. पण तो जन्माचा तारी नव्हे. त्याची लहानगी फिलू तापानं फणफणली, तेव्हा तिला खांद्यावर टाकून तो काठावर आला. वैद्य पलीकडे राहायचा. इनास हाका मारू लागला. पलीकडचा तारी जेवत होता. त्यानं तिथूनच विचारलं, "कोण? किती माणसं?" इनास ओरडत राहिला. होडी आली तेव्हा खांद्यावरचं अंग गार पडलं होतं.

फिलूला चर्चमागच्या कबरस्थानात पुरलं. इनासनं वाडी विकून होडी घेतली. कुणाचीही हाक येवो, तो कोण म्हणून विचारत नसे. हातातला घास टाकून "आलो, आलो" म्हणत वल्हं उचली. होडीतली पुढची फळी मात्र कायम रिकामी ठेवी. ती प्रभू येशूची. प्रभू पूर्वेकडून येणार, आणि खारमाळच्या पूर्वेला तर खाडीच. जुजे कोळी त्याला चिडवायचा, "इनास, जो पाण्यावरून चालला त्याला तुझी होडी कशाला रे?" इनास म्हणे, "दमला असेल तर?"

प्रभू येईल तेव्हा फिलू उठेल. इनासला एवढंच ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याच्या जिवाला चैन नव्हतं. पूर्वेचे ढग जरा लाल झाले, की तो वल्हं घेऊन काठावर जाऊन उभा राही.

मग एका वर्षी आभाळात शेपटीचा तारा दिसू लागला. गलबतावरून उतरलेल्या कुणीतरी सांगितलं, येत्या शुक्रवारी दुपारी जग संपणार. पाद्री परोपरीनं सांगत होते, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही. ऐकतो कोण? लोकांनी पानवेलींना पाणी घालणं सोडलं. कोंबड्या कापून खाल्ल्या. आपापल्या मेलेल्यांसाठी कपडे शिवायला घेतले, कारण उठतील ते उघडे कसे उठणार? इनासची बायको कातरीन झगा शिवताना अडली. फिलू गेली तेवढीच उठेल, की वाढलेली? इनास म्हणाला, "हातभर कापड आत दुमडून ठेव."

शुक्रवारी सगळं गाव कबरींपाशी बसलं. दुपारी ऊन राखाडी झालं, पाखरं घरट्यांत शिरली. कातरीननं झगा मांडीवर उलगडला. आणि तेवढ्यात पैलतीरावरून हाक आली.

इनास उठला. बसला. पुन्हा उठला. कातरीननं त्याचं मनगट धरलं. "आज नको. ती डोळे उघडेल, आणि बाप नसेल."

हाक पुन्हा आली, आता बारीक. इनासच्या खांद्याला गार लागलं, त्या दिवशी फिलूला टाकलं होतं तिथंच.

"तिला सांग, बाबा हाकेला गेलाय," तो म्हणाला, आणि "आलो, आलो" करत धावत सुटला.

पलीकडे एक बाई होती, दिवस भरलेली, कळांनी वाकलेली. कुठली, कुणाची, हे त्यानं विचारलं नाही. तिला प्रभूच्या फळीवर निजवलं आणि होडी लोटली. पाणी उलटं ओढत होतं, अंधार दाटत होता. असं म्हणतात, त्या दिवशी इनासच्या हातात वल्हं एक होतं, आणि पाण्यावर आवाज दोन वल्ह्यांचा होता. असं म्हणतात, होडीपुढची वाट तेवढी उजळत गेली. ऐन खाडीत पोर जन्मलं. मुलगी. ती रडली, आणि ऊन परत आलं.

काठावर कातरीन उभी होती. कबर मिटलेलीच होती. होडीत वाकून तिनं ती ओली पोर फिलूच्या झग्यात गुंडाळली. झगा फारच मोठा झाला.

"वाढेल," इनास म्हणाला.

जग राहिलं. लोक मान खाली घालून सुकल्या वेलींना पाणी घालायला गेले. इनास मात्र तसाच राहिला, अर्ध्या घासावरून उठणारा, पूर्वेकडे बघणारा. म्हातारपणी एका धुक्याच्या सकाळी पलीकडून हाक आली. ती फक्त त्यालाच ऐकू आली, असं म्हणतात. तो "आलो, आलो" म्हणत निघाला. होडी रिकामीच परतली. पुढच्या फळीवर कुणी बसून गेल्यासारखी ओल होती, आणि तिच्याशेजारी एक इवलंसं ओलं पाऊल.

आता खाडीवर पूल आहे, एसटी जाते. पण खारमाळला अजूनही कुणी दार वाजवलं, तर आतून कोण म्हणून विचारत नाहीत. पानात वाढलेलं असो की अंथरुणाला पाठ टेकलेली असो, माणूस आधी "आलो" म्हणतो. कोण आलंय, ते मग दार उघडून बघतो.