एक सुई, एक धागा

त्या राज्यात कपडे आता लवकर मरत नव्हते, म्हणून पूर्वीपेक्षा जास्त फाटत होते.

पूर्वी सदऱ्याची कोपरं गेली की त्याचं फडकं व्हायचं, फडक्याचं पोतेरं व्हायचं, आणि त्याबद्दल कुणी फारसं हळहळत नसे. मग साबण सौम्य झाले, आपटायचे दगड गेले, वाळत घालायच्या दोरीवर छप्पर आलं. परकर म्हातारे होऊ लागले. पंचे नातवंडं पाहू लागले. ही चांगलीच गोष्ट होती आणि सगळे तसं म्हणतही. पण म्हातारं कापड कुठे ना कुठे विरतं, उसवतं. त्याला टाका लागतो आणि टाका घालायला सुई लागते. सुया मात्र पूर्वी होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या.

राज्याचा कारभार पेटीतून चाले. पेटीत जरीचे, रेशमाचे, डांबरगोळ्यांच्या वासाचे थोर कपडे घड्या घालून बसलेले असत. ते एखाद्या लग्नापुरते बाहेर पडत, त्यामुळे कधी फाटत नसत. आणि आपण फाटत नाही हा आपल्या चारित्र्याचा गुण आहे, असं त्यांना वाटे. त्यांच्यात सर्वांत थोरला होता एक शेला. त्याला सगळे आबा म्हणत.

फाटक्यांची रांग फळीच्या टोकापर्यंत गेली तेव्हा पेटीने उपाय केला. प्रत्येक फळीवर सुयांसाठी मखमलीची एक उशी बांधली आणि दवंडी पिटवली : सुयांसाठी एवढ्या जागा आजवर कधी निघाल्या नव्हत्या! ते खरंच होतं. जागा निघाल्या होत्या. उशा रिकाम्या होत्या. रिकामी उशी डोळ्यांना बरी दिसत नाही, म्हणून आबांच्या हुकमाने त्यांत टाचण्या टोचण्यात आल्या. टाचण्यांची डोकी लाल, पिवळी, मोतिया. लांबून पाहिलं तर उशी खच्चून भरलेली वाटे, आणि पेटीच्या फटीतून आबांना लांबूनच दिसायचं.

टाचणी वाईट नसते. पण तिला नेढं नसतं, त्यामुळे धागा ओवता येत नाही. ती फाटलेल्या दोन कडा घट्ट धरून ठेवते आणि शिवणारी कुणी येईल याची वाट बघते. त्या राज्यात बऱ्याचदा कुणी येत नसे. टाचण्या धरून धरून गंजत, कपड्यावर गंजाचा डाग पडे, आणि शिव्याही टाचणीलाच बसत.

याखेरीज सुयांचा स्वतःचा एक नियम होता. तो पेटीने लादलेला नव्हता. सुयांनीच मोठ्या अभिमानाने जपला होता. एक चीर, एक सुई, एक धागा. चीर वीतभर असो की दहा हात, सुरुवातीलाच तेवढा लांब धागा ओवायचा आणि शेवटच्या टाक्यापर्यंत सोडायचा नाही. मध्येच गाठ मारून दुसरीच्या हाती काम देणं ही नामुष्की. लांब धाग्याचा टाक्याटाक्याला गुंता होई, सुई तापे, वाके, आणि कधी अर्ध्यातच मोडे. मग गाठ नसलेली ती अर्धी शिवणही सुरसुरत उसवून जाई. मोडलेल्या सुईबद्दल म्हणत, ‘धागा सोडला नाही हं तिने!’ आणि तिला कचऱ्यात टाकत.

सुयांचा म्होरक्या होता दाभण. तरुणपणी त्याने गोणपाटाचा आख्खा तंबू एकाच धाग्यावर शिवला होता, आणि ही हकिकत सांगितल्याशिवाय त्याने एकही दिवस मावळू दिला नव्हता. नव्या सुया काळ्या कागदाच्या पुडीत यायच्या. त्यांची परीक्षा दाभणकाकांनी घ्यायची, मगच त्यांना धागा मिळायचा. पण काकांना सवड नव्हती, कारण ते सारखे शिवत होते. ते सारखे शिवत होते, कारण सुया कमी होत्या. सुया कमी होत्या, कारण परीक्षा होत नव्हती. हे चाक इतकं गुळगुळीत फिरत होतं, की ते फिरतंय हेच कुणाच्या लक्षात येत नव्हतं. पुडीतल्या काही जणी कंटाळून फळीच्या भोकातून पलीकडच्या डब्यात निघून गेल्या. तिथे म्हणे रेशमाचा धागा देतात आणि नावही विचारत नाहीत.

त्या पुडीत बारकी नावाची एक सुई पडून होती. तिची शेजारीण लांबोडी. परीक्षा होऊन बाहेर पडलेली ती शेवटची सुई. जाताना ती बारकीला म्हणाली होती, "जरा दम धर. तुझाही नंबर येईल." बारकीला दम धरणं कधी जमलंच नव्हतं. पुडीच्या आतल्या कागदाला टाके घालून घालून तिने त्याची चाळण केली होती.

एके दुपारी वारा सुटला आणि दोरीवरची मोठी चादर बाभळीच्या काट्यात अडकून मधोमध फाटली. त्या चादरीच्या आडोशाला राज्यातली सगळी दुपटी झोपायची, म्हणून सगळीकडे धावपळ उडाली. टाचण्या धावल्या, त्यांनी कडा धरल्या. शिवायला लांबोडी गेली. चीर आठ-दहा हातांची होती. धागाही तेवढाच लांब.

त्यानंतर दिवसामागून दिवस गेले आणि लांबोडी परत आली नाही. मग एका सकाळी मोतिया डोक्याची एक टाचणी, मणी तिचं नाव, पुडीजवळून जाताना थबकली.

"बारके, जागी आहेस का गं? तुझी लांबोडी वाकलीय."

"म्हणजे कशी?"

"अशी," म्हणत मणीने मान तिरपी केली. "आणखी हातभर शिवलं तर मोडेल. मला काय, माझं काम धरायचं. पण मला बघवत नाही."

बारकीने पुडी फाडली. परवानगी मागितली नाही, कारण ती देणारा नेहमीप्रमाणे कामात होता.

चादरीजवळ पोचली तेव्हा लांबोडी गुंता सोडवत होती. तिचं टोक बोथट झालं होतं आणि अंगाला धनुष्यासारखा बाक आला होता. अजून निम्मी चीर बाकी होती.

"गाठ मार आणि हो बाजूला," बारकी म्हणाली.

"वेडी आहेस का? काका काय म्हणतील?"

"काका तंबूची गोष्ट सांगतील. ती आपल्याला पाठ आहे. मार गाठ."

"आणि मग लोक म्हणतील, लांबोडीने धागा सोडला."

"मोडलीस तर म्हणतील, सोडला नाही. कोणतं ऐकायला तू इथे असशील?"

लांबोडी पुढचा टाका घालायला गेली, आणि टोक कापडात शिरेना. पुन्हा घातलं. तेव्हा इतका वेळ गप्प पडलेली चादरच म्हणाली, "अगं बायांनो, भांडायचं तर भांडा, पण माझ्या पाठीत वारा घुसतोय त्याचं कुणीतरी बघा! दुपटी कुडकुडतायत. गाठ मारलीत तर मला काही लाज वाटायची नाही. लाज वाटायला आधी अंग शाबूत लागतं."

लांबोडीने गाठ मारली. मारताना तिने डोळे मिटून घेतले होते. मग बारकीने उरलेला गुंता ओढून तोडून टाकला आणि हातभर लांबीचा नवा धागा ओवला; तो संपला की गाठ मारून पुन्हा तेवढाच. पांढरा संपला होता, म्हणून निळा घेतला. मणी आणि तिच्या जोडीदारणी पुढे पुढे कडा जुळवत गेल्या, बारकी मागून धावदोरा घालत गेली, आणि शिवण पुढे सरकली की मागच्या टाचण्या सुटून पुन्हा पुढे येत. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच टाचण्यांना आपण कशासाठी धरतोय ते दिसत होतं. "आहा," मणी म्हणाली, "सुटायला किती बरं वाटतं!"

लांबोडी धडपडत जवळच्या उशीपाशी गेली, मखमलीत शिरली आणि झोपली.

संध्याकाळच्या आत चादर पुरी शिवून झाली. पण त्याआधीच पेटीत बातमी पोचली होती : उशीवर दिवसाढवळ्या एक सुई झोपलीय.

दुसऱ्या दिवशी बारकीला पेटीपुढे बोलावलं. दाभण आधीच येऊन बसला होता. अर्ध्यावर राहिलेलं पोतं त्याच्या मागे लोंबत होतं.

"परीक्षा न देता शिवलंस?" तो कडाडला.

"मग घ्या ना परीक्षा, काका. कधीची तुमचीच वाट बघतेय."

"मला वेळ कुठे आहे!"

"म्हणूनच तर आले."

पेटीत कुणीतरी खोकलं. ती बहुधा पैठणी असावी. तिला हसू खोकल्यात लपवायची सवय होती.

मग आबा बोलले. त्यांचा आवाज घड्यांच्या आतून येई, त्यामुळे तो नेहमी दूरचा वाटे. "चादरीच्या पाठीवर गाठ आहे म्हणे. निळी! आणि ती दुसरी उशीवर घोरतेय. राज्यात एवढे फाटके रांगेत उभे असताना. उशी काय झोपायला बांधली आम्ही?"

"मग कशाला बांधली, आबा?" मणीने विचारलं. तिला बोलावलेलं नव्हतं, पण टाचण्या कुठेही शिरतात.

आबा या प्रश्नाने असे संतापले की पेटीतून उठले. हल्ली ते लग्नालाही बाहेर पडत नसत; वर्षानुवर्षं त्याच चौकोनात, त्याच घडीवर बसलेले होते. पोरींना आपली खरी लांबी-रुंदी दाखवावी म्हणून त्यांनी एका झटक्यात स्वतःला उलगडलं.

चर्र असा लांबलचक आवाज झाला.

"कोण फाटलं?" आबांनी विचारलं.

दोरीवरच्या चादरीला आवाज ओळखता आला, पण तिने वाऱ्याकडे तोंड फिरवलं. शेवटी बारकीच म्हणाली, "आबा, तुम्ही."

जिथे जिथे घडी होती तिथे तिथे रेशीम विरलं होतं. बाहेर वाऱ्यात, उन्हात फिरलेलं कापड झिजतं. न हललेलं कापड घडीवरच मरतं. जरीचा काठ तेवढा धड होता आणि त्याच्या आधाराने आबा कसेबसे लोंबत होते.

दाभण धावत पुढे आला. शेल्याजवळ पोचल्यावर मात्र थांबला. त्याने ते नाजूक रेशीम पाहिलं, मग स्वतःची जाडी पाहिली. "माझ्याने भोकं पडतील, आबा," तो हळूच म्हणाला. तंबूची गोष्ट त्या दिवशी त्याने सांगितली नाही.

सगळे बारकीकडे बघू लागले.

"शिवते," ती म्हणाली. "पण एकटी शिवणार नाही. एवढ्या घड्या एका सुईने शिवायच्या म्हटलं तर मीही मोडेन, आणि तुम्हीही पुन्हा उसवाल. पुडी उघडा. धागे आखूड कापा. जी दमेल ती गाठ मारेल आणि उशीवर जाईल. टाचण्यांना उशीवरून काढा, त्यांचं काम तिथे नाहीच."

आबांनी आपल्या लोंबत्या चिरांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "गाठ दिसेल का?"

"पाठीवर असेल."

"टोचेल?"

"सुरुवातीला जरा टोचते," दोरीवरून चादर म्हणाली. "मग उबेत विसरायला होतं."

"बरं," आबा म्हणाले. तो आवाज पहिल्यांदाच जवळून आल्यासारखा वाटला.

त्या दिवसापासून पुडी उघडी राहिली. दाभण पोत्याचं काम करता करताच शेजारी नवी सुई बसवी. "ओव. घाल टाका. हं. ढिला आहे, ओढ. हं, पुढचा." अशी दोन पोती होता होता पुडीतल्या सगळ्या जणींची परीक्षा झाली. शिवताना परीक्षा घेता येते, हा शोध आपणच लावला असं तो पुढे सांगू लागला. कुणी हरकत घेतली नाही. एकदा पोतं अर्ध्यावर असताना त्याने इकडेतिकडे पाहिलं, गुपचूप गाठ मारली आणि उशीवर जाऊन पडला. त्याच्या घोरण्याने उशी हलत होती, पण शेजारी झोपलेल्या लांबोडीला ते कळलंही नाही. तिचा बाक पुरता गेला नाही. गोल वळणांची शिवण आता तिच्याकडेच येते. पलीकडच्या डब्यातून दोघी परतल्या. रेशमाचा धागा बरोबर घेऊन आल्या, आणि आबांच्या अंगावर तोच लागला.

फाटायचं काही थांबलं नाही. कपडे म्हातारे होत राहिले, रांग रोज लागत राहिली, आणि रोज पुढे सरकत राहिली.

आबा पुन्हा पेटीत गेले नाहीत. ते दोरीवर राहू लागले, आज या घडीने, उद्या त्या घडीने.

एका भर दुपारी एक धोतर तरातरा आलं. त्याचा सोगा पार फाटला होता. उशीवर सुया ओळीने झोपलेल्या पाहून ते ओरडलं, "इथे आमचं अंग उघडं पडलंय, आणि या खुशाल झोपल्यात!"

"हळू," वरून आबा म्हणाले. "त्या टोकाला बारकी शिवतेय. ती गाठ मारेल, मग दुसरी उठेल. तुझ्यापाशी येतील."

ऊन सरकत सरकत उशीवर येऊन ठेपलं होतं. आबांनी दोरीवरून आपला पदर खाली सोडला आणि उशीवर धरला. त्याची उलटी बाजू धोतराकडे आली : हिरव्या, निळ्या, तांबड्या गाठी, एकीखाली एक. धोतराने त्या पाहिल्या. मग ते रांगेत जाऊन उभं राहिलं, आणि मागे कुणी मोठ्याने बोललं तेव्हा वळून म्हणालं, "श्श."