हात वर गेला होता

"त्याचा हात आधी वर गेला होता, हे कोर्टात सांगाल ना, माय?"

अनसूयामाय तांदूळ निवडत होत्या. पूर्णेकाठच्या त्या मठात त्या एकट्याच राहत. समोर बसलेला अवधूत ढोमणे त्यांचा जुना शिष्य, गावातल्या आरागिरणीचा मालक. याच मठाच्या अंगणात त्याने शेजारच्या वामन शिंप्याच्या मनगटावर फळी घातली होती. मनगट मोडलं. वामनने भरपाईचा दावा लावला.

पाहणारं माणूस एकच होतं. माय.

"गेला होता," माय म्हणाल्या.

अवधूतने सुस्कारा सोडला. मग त्याचे डोळे बारीक झाले. इतक्या सहज?

"तो इथे येऊन गेला ना?"

"बायको येऊन गेली."

"कशाला?"

"गोधडी द्यायला."

गोधडी मायच्या मांडीखालीच होती. काठ नवा होता.

"वामनने शिवून दिली? फुकट?"

"तिने शिवली. त्याला सुई धरता येत नाही."

अवधूतने गोधडीवरून नजर काढली.

"वकील म्हणतो, जीव वाचवायला मारलं तर भरपाई द्यावी लागत नाही. समोरचा मारणार असं खरंच वाटलं पाहिजे, आणि तसं वाटायला कारण पाहिजे. कारण आहे. कुंपणावरून भांडण झालं तेव्हा 'बघून घेईन' म्हणाला होता मला."

"बरं."

"आणि तेवढ्यावर नाही भागलं, तर म्हणायचं, दोघंही मारामारीला राजी होते. त्याची संमतीच होती."

मायनी तांदळातला खडा बाजूला टाकला.

"एक कारण पुरत नाही का रे?"

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या, माय?"

माय उठल्या. काठी घेतली आणि अंगणाच्या पश्चिमेच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. दिवस कलला होता.

"त्या दिवशी याच वेळी तू इथे होतास. वामन होता तिथे जा, तुळशीपाशी."

"कशाला?"

"जा."

तो गेला. पाठमोरा उभा राहिला, पण मान अर्धी वळवून, एक डोळा मायच्या काठीवर ठेवून.

"नीट पाठ फिरव. तू त्याला हाक मारली होतीस. मीही मारते... अवधूत!"

तो वळला. मायच्या खांद्यावरून सूर्य थेट त्याच्या तोंडावर आला. त्याचा हात वर गेला.

त्याच क्षणी मायची काठी उचलली गेली.

"माय!" तो दचकून मागे सरला. "काय करता?"

"तू हात उगारलास."

"उगारला कुठे? डोळ्यांवर ऊन आलं म्हणून..."

हात अजून कपाळापाशीच होता. त्याने तो हळूच खाली घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला.

मायनी काठी टेकवली.

नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं.

"पण मी घाबरलो होतो, माय. ते खोटं नाही."

"नाहीच. तुझं तोंड पाहिलंय मी."

"मग कोर्टात काय सांगाल?"

"दिसलं ते. त्याचा हात वर गेला. तू घाबरलास. दोन्ही."

"मग... मी सुटेन."

"सुटशील कदाचित."

अवधूत फाटकापर्यंत गेला. कडी काढली. पण पाऊल बाहेर पडेना. तसाच, मागे न बघता, म्हणाला, "मी काय करायला हवं होतं?"

"हाक मारली होतीस ना? ओ येईपर्यंत थांबायचं."