बंद इंजिनाचे तास

"अक्का, तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? माणसावर, का आकड्यावर?"

मल्लिनाथ बिराजदारनं कट्ट्यापाशी पोचायच्या आधीच विचारलं. नमस्कार राहूनच गेला.

अक्का कडुलिंबाखाली चिंच फोडत बसल्या होत्या. दगडावर चिंच ठेवायची, वरून लाकडी दांडकं हाणायचं, चिंचोका बाजूला. टक्. टक्.

"आकडा काय म्हणतो?"

"चोरी झाली म्हणतो."

"आणि माणूस?"

"माणूस नाही म्हणतो. चोर कधी हो म्हणतो का?"

टक्.

मी मागं उभा होतो. मी तिथं कशाला, ते सांगतो. सोलापुरात माझं यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शाळा लवकर सुटली, गिऱ्हाइकांनी पुढचं शिकवलं. मल्लिनाथ माझं जुनं गिऱ्हाईक. त्यानं मला साक्षीला आणलं होतं, मीटर अस्सल आहे हे अक्कांना सांगायला.

मी गाडीतच त्याला म्हणालो होतो, "मालाची हमी माझी. मालकाची नाही."

तो हसला नाही. एरवी हसतो.

अक्कांचा मठ अक्कलकोटच्या पुढं, उघड्या माळावर. तिथं दासोहाची शेड उभी राहत होती, येईल त्याला जेवू घालायची जागा. वर वीज पोचलेली नाही. म्हणून मल्लिनाथचा डिझेलवरचा वेल्डिंग सेट आणला होता. चाकांच्या गाड्यावर इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर, बाकी सगळं उघड्यावर. सेट कट्ट्याला लागूनच सावलीत उभा होता. हात लांब केला तर लागेल इतका जवळ.

तो चालवायचा लाडलेसाब. मल्लिनाथच्या वडिलांपासूनचा माणूस. सगळे त्याला चाचा म्हणतात, मल्लिनाथसुद्धा. म्हणजे त्या दिवसापर्यंत म्हणायचा.

चाचा इंजिनाचा वेग कानानं लावायचे. मल्लिनाथला ते खपेना. "कान म्हातारा होतो, काटा होत नाही," म्हणून माझ्याकडून वेगाचा काटा नेला. आठवडा गेला नाही तोवर परत आला, तासांचं मीटर पाहिजे म्हणाला. यंत्र किती तास चाललं ते मोजणारं. दोन्ही त्यानं स्वतःच्या हातानं बसवली. तार जोडताना दुसऱ्या कुणाला पान्याला हात लावू दिला नाही.

आणि तेव्हापासून त्याची झोप गेली.

मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या बाजारपेठेत एक अडत्या होता. त्यानं माझ्याकडून गोदामासाठी सगळ्यात मोठं कुलूप नेलं. मग रोज पहाटे उठून कुलूप जागेवर आहे का बघायला जायचा. महिन्याभरात माणूस वाळला. शेवटी कुलूप परत घेऊन आला, म्हणाला, "हे ठेव बाबा, मला झोप दे." मी घेतलं नाही. विकलेला माल मी परत घेत नाही.

असो. इथं अक्का चिंच फोडत होत्या.

"चाचा किती तास सांगतो?" त्यांनी विचारलं.

"शेडला लागले तेवढे. मीटर रोज त्याच्यावर दोन-तीन तास जास्त दाखवतं. ते तास कुठं गेले? गावात त्या दुमजली घराला नवीन गेट लागलंय, बघितलंत? ताजं वेल्डिंग आहे. मी हात लावून आलो."

"डिझेल जास्त लागलं?"

"नाही."

"नाही?"

"तेच तर! थेंबाचाही फरक नाही. म्हणजे डिझेल बाहेरून घालतोय. ज्याचं गेट, त्याचं डिझेल. माणूस किती पोचलेला आहे बघा."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलांकडं बघितलं.

हे सगळं मल्लिनाथ उभ्यानंच बोलत होता. मध्येच खिशातला मोबाईल काढायचा, बघायचा, ठेवायचा. सेटला एक फेरी मारून यायचा. पुन्हा मोबाईल.

थोड्या वेळापूर्वीच त्यानं तिकडं शेडपाशी चाचांना कामावरच्या सगळ्या पोरांसमोर चोर म्हटलं होतं. चाचा तेव्हा वेल्डिंगच करत होते. मल्लिनाथनं इंजिनाची बंद करायची तार खस्सकन ओढली. आवाज बसला तसे चाचांनी डोळ्यांवरचा मुखवटा वर केला आणि विचारलं, "क्या हुआ बेटा?"

मग जे व्हायचं ते झालं.

चाचांनी वाद घातला नाही. हातमोजे काढून सेटवर ठेवले, आपलं गाठोडं बांधलं, आणि खाली फाट्यावर जाऊन बसले. कट्ट्यावरून दिसत होते. बाभळीखाली, पाठमोरे. वडापची, माणसं भरून नेणारी जीप आली की जाणार. आणि एकदा माणूस असा निघून गेला की या धंद्यात त्याला कोण उभं करतं? चोर म्हणून घालवलेल्याच्या हातात कुणी सेट देत नाही. मल्लिनाथला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"अक्का, जीप यायच्या आत सांगा. मी बरोबर केलं ना?"

"बस."

"बसायला वेळ नाही, अक्का."

"मग विचारायला कुठून आणलास?"

तो बसला. म्हणजे कट्ट्याच्या कडेला टेकला. एक टाच हलतच होती.

"आता बोलू नको," अक्का म्हणाल्या.

त्यांनी दांडकं खाली ठेवलं.

टक्-टक् थांबली. पोरं शेडच्या मागं जेवायला गेली होती. वारा नव्हता. माळावर दुपारी इतकं शांत होतं, याची मला कल्पना नव्हती. दुकानात बसणाऱ्याला ती कुठून असणार…

मल्लिनाथनं खाकरून घसा साफ केला. अक्कांनी बोट ओठावर ठेवलं.

…

तापलेलं इंजिन निवत होतं. त्याचा पत्रा मध्येच वाजायचा. टण्. मग बराच वेळ काही नाही. मग टण्. हळूहळू तेही थांबलं.

मल्लिनाथ फाट्याकडं बघत होता. लांब रस्त्यावर धूळ उठली होती.

"अक्का, जीप…"

बोट ओठावर.

…

टिक्.

मला वाटलं, अजून पत्राच.

टिक्. टिक्.

पण हे मधली जागा सोडत नव्हतं. एकसारखं, बारीक, हट्टी. मल्लिनाथनं मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं, खाली घेतलं. मी उगाच झाडाकडं बघितलं, एखादा किडा असावा म्हणून.

"काय वाजलालंय रे, मल्लू?" अक्का हळूच म्हणाल्या. "रोज दुपारी वाजतंय. पोरं जेवायला गेली की. मी म्हटलं तुमच्या यंत्रात काय असेल ते."

मल्लिनाथ उठला. सेटपाशी गेला, वाकला.

दोन्ही मीटर शेजारी शेजारी. वेगाचा काटा शून्यावर पडलेला, मेलेल्या माशीसारखा. आणि त्याला चिकटून तासांचं मीटर… आमच्या डोळ्यांसमोर त्याचा शेवटचा पांढरा आकडा सरकला.

इंजिन बंद. तास चालू.

तो बराच वेळ वाकूनच राहिला. मला त्याची फक्त मान दिसत होती. ती लाल होत गेली.

मग त्यानं हात घातला आणि चावी फिरवली. टिक्-टिक् थांबली.

तुम्हाला यंत्राची माहिती नसेल तर दोन वाक्यांत सांगतो. हे डिझेल इंजिन चावीनं सुरू होतं, पण बंद होतं तार ओढून. चावी तशीच पुढं राहते, संध्याकाळी काढून ठेवतात तोवर. हँडल मारून इंजिन चालवलेल्या हातांना मधल्या सुट्टीत चावी मागं फिरवायची सवयच नाही, कारण त्यांच्या काळी चावी नव्हती. आणि मल्लिनाथनं मीटरची तार जोडली होती ती चावीला. जवळ पडली म्हणून. चावी पुढं आहे तोवर मीटर मोजणार. पोरं जेवोत, चाचा झोपोत, इंजिन थंड होवो.

चुकीच्या जागी तार कुणाची, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाईक आहे.

अक्कांनी मात्र विचारलं, पण दुसरंच.

"आज इंजिन कुणी बंद केलं?"

…

"मी," मल्लिनाथ म्हणाला.

"चावी?"

त्यानं खिशातून पक्कड काढली. "तार काढून ऑइलच्या स्विचला देतो, अक्का. इंजिनात ऑइलचा दाब असेल तेव्हाच मीटर चालेल. दहा मिनिटांचं काम आहे. मग एक मिनिट इकडचं तिकडं होणार नाही. बघाच तुम्ही."

असं म्हणून तो खरोखरच वायरी चाचपायला लागला.

खाली जीपचा हॉर्न वाजला.

अक्कांनी फाट्याकडं बघितलं. मीही बघितलं. चाचा उठले होते. गाठोडं खांद्यावर घेत होते.

पक्कड मल्लिनाथच्या हातातून पडली का त्यानं टाकली, सांगता येत नाही. तो पळाला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पोट सुटलेलं, दगडधोंड्यांतून हात हलवत, "थांबा! ओ ड्रायव्हर! चाचा!"

चाचांचा एक पाय जीपच्या पायरीवर होता. काय बोलणं झालं ते वर ऐकू आलं नाही. ड्रायव्हर हॉर्न देत होता, आतली माणसं डोकी बाहेर काढून बघत होती. मल्लिनाथ हातवारे करत होता. चाचा नुसते उभे.

शेवटी जीप गेली. धूळ बसली, तेव्हा दोघंही तिथंच होते.

ते वर आले ते मागं-पुढं, बरोबरीनं नाही. पोरं जेवून परतली होती. ताटं हातात घेऊनच उभी राहिली. मल्लिनाथला धाप लागली होती. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं गेलं सोडा, चाचा. मीटरची चूक होती. मीटरच खोटं निघालं!"

माझा माल. मी पुन्हा चपलांकडं बघितलं.

कुणीतरी पोरगं हसलं आणि थांबलं.

चाचांनी सेटवर ठेवलेल्या आपल्या हातमोज्यांकडं बघितलं. हात पुढं केला नाही. गाठोडं खांद्यावरच होतं.

"मीटरची?" त्यांनी विचारलं. मोठ्यानं नाही.

मल्लिनाथनं माझ्याकडं बघितलं, मग अक्कांकडं. त्याला आता पुन्हा कुठंतरी जायचं होतं, काहीतरी करायचं होतं. पक्कड शोधत त्याची नजर जमिनीवर फिरत होती. "आता नीट बसवतो, अक्का. यापुढं हिशेबात चूक होणार नाही."

अक्कांनी दांडकं उचललं. दगडावर नवी चिंच ठेवली. हाणायच्या आधी थांबल्या.

"हिशेब ठेव, मल्लू. पण खरा ठेव. इंजिन बंद असताना तुझ्या आत जे चालू होतं, त्याचे तास आधी लिही."