तांबटाचं बिऱ्हाड

एका वर्षी एका नदीने कूस बदलली. पुराच्या पाण्याने पलीकडची दरड फोडली, आणि पूर ओसरला तेव्हा नदी लांब दुसरीकडूनच वाहत होती. तिच्या काठावरचं जुनं गाव नुसत्या वाळूकडे तोंड करून बसलं. उन्हाळा लागला तशा विहिरीही आटल्या आणि एकेक बिऱ्हाड गाव सोडून जायला लागलं.

त्या गावात हैबती नावाचा एक तांबट राहत होता. हंडे, घागरी, घंगाळी घडवावी, ठोके देत मठारून चकचकीत करावी, काम संपलं की नदीत मनसोक्त पोहावं आणि बाजार नसेल त्या दिवशी डोंगर हिंडावा, असा त्याचा क्रम होता. माणूस हाताचा पक्का, पण मनाचा कच्चा. भाजी वांग्याची करू की दोडक्याची, एवढं बायकोने विचारलं तरी म्हणायचा, "तुला काय वाटतं?" आणि भांडणाला तर इतका भ्यायचा, की आळीत कुणाचा आवाज चढला रे चढला की हा हातोडा जोरजोरात हाणायला लागायचा, म्हणजे काही ऐकूच येऊ नये.

त्याची बायको येसू पोटुशी होती. तिला माहेर असं उरलं नव्हतं.

"अहो," एक दिवस ती म्हणाली, "पावसाच्या आत कुठंतरी छप्पर बघायला हवं. बाळ जन्मलं की ते कोणत्या गावचं म्हणायचं?"

हैबतीने शेजाऱ्यांना विचारलं. शिंपी म्हणाला, "आंबेवनला चल. तिथला पाटील खंबीर आहे. गावात तंटा म्हणून नाही." तेली म्हणाला, "छे! माणसासारखं जगायचं तर रंगपेठेत. रोज संध्याकाळी काही ना काही असतंच." एक मेंढपाळ वाटेने चालला होता, तो थांबून म्हणाला, "काळडोह बघितलास का? डोंगर आहे, पाणी आहे, अजून काय पाहिजे?"

हैबतीला तिघांचंही पटलं. तिघांचं पटलं म्हणूनच त्याला काही सुचेना.

"मग जाऊन बघून या की," येसू म्हणाली.

तो आधी आंबेवनला गेला. रस्ते सरळ, अंगणं झाडलेली, दारं सगळी एका रंगाची. पाटलाने त्याला ओसरीवर बसवून ताक दिलं आणि घरासाठी जागाही दाखवली. "ठोके मात्र सकाळीच मारायचे. दुपारी गाव झोपतं," पाटील म्हणाला. हैबतीला ते रास्त वाटलं. परत निघताना त्याला एक सुंदर तळं दिसलं. पायऱ्या बांधलेल्या, पाणी निळंशार, आणि सगळीकडून कुंपण.

"इथं कुणी पोहत नाही का?" त्याने धुणं घेऊन चाललेल्या बाईला विचारलं.

"पाटलांनी बंद केलंय."

"का बरं?"

बाईने आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं. "काहीतरी विचार करूनच केलं असेल," ती हळूच म्हणाली आणि भराभरा निघून गेली.

घरी आल्यावर त्याने येसूला सगळं सांगितलं. "गाव फार नीटनेटकं आहे गं. पण तिथून निघालो तेव्हा लक्षात आलं, दिवसभर मी दबक्या आवाजातच बोलत होतो. का, ते मला कळलं नाही."

मग तो रंगपेठेला गेला. तिथे त्याचा जीव रमला. गरम भजी खाल्ली, कुस्त्या पाहिल्या, संध्याकाळी सोंगं पाहून पोट धरून हसला. एका न्हाव्याने त्याला ओळखदेख नसताना जेवायला नेलं. तिथे जाताना वाटेत नाल्यावरचा साकव मोडून पडलेला होता. माणसं धोतर खोचून चिखलातून पलीकडे जात होती.

"हा कधी मोडला?" हैबतीने विचारलं.

"झाली असतील दोन-चार वर्षं," न्हावी हसत म्हणाला.

"कारभारी कोण आहे इथला?"

"मागे एक होता. आता दुसरा आहे म्हणतात. आपल्याला काय करायचंय? चल, वाढलेलं थंड होईल."

जेवताना हैबतीने सुईणीची चौकशी केली. सुईण होती, पण साकव मोडल्यापासून ती नाला ओलांडत नव्हती. आणि भाड्याने मिळण्यासारखी घरं सगळी नाल्याच्या दुसऱ्याच बाजूला होती. डोंगराचं विचारलं तर न्हाव्याने कुठेतरी लांब हात दाखवला. "आहे म्हणतात तिकडे. कुणी जात नाही."

तिसऱ्या खेपेला तो काळडोहला गेला. डोंगर बघूनच त्याचे पाय शिवशिवायला लागले. कपडे काठावर टाकून त्याने डोहात उडी मारली. गार पाणी अंगाला लागलं आणि कित्येक दिवसांनी त्याच्या डोक्यातला गोंधळ थांबला. हेच आपलं गाव, असं त्याला वाटलं. ओल्या अंगावरच कपडे चढवून तो गावात शिरला, तर चावडीवर ही गर्दी! अर्धा गाव अर्ध्या गावावर ओरडत होता. गुरं डोहावर कुठे पाजायची यावरून भांडण चाललं होतं. गुरंवाल्यांचा पुढारी होता सिदू गवळी. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. समोर कमरेवर हात ठेवून एक म्हातारी उभी होती. तिला सगळे भागा आत्या म्हणत. गावाची सुईण तीच.

"ए पाहुण्या, तू सांग!" सिदूने हैबतीला हाक मारली. "गुरांनी पाणी प्यायचं नाही का?"

"मी... मी परका माणूस," हैबती म्हणाला आणि तिथून जो सुटला तो शीव ओलांडूनच थांबला.

त्यानंतर घरी काय चाललं ते विचारू नका. सकाळी उठून हैबती म्हणायचा, "आंबेवन. ठरलं. शांतता हवी." दुपारी जेवताना त्याला भजी आठवायची. संध्याकाळी वाळूकडे बघत बसला की डोह आठवायचा, आणि डोहामागोमाग ती चावडी. भांडी एकदा पोत्यात भरायची, पुन्हा बाहेर काढायची. आंबेवनला जायचं तर ठोक्यांचं काम कमी करावं लागेल. रंगपेठेला जायचं तर सुईणीचं काय? काळडोहला जायचं तर रोज कानात बोळे घालायचे का? रात्रंदिवस तो हेच दळत बसला. शिंपी गेला, तेली गेला. आळीत धूर निघणारी चूल एकच उरली.

एका सकाळी येसूने स्वतःच भांडी बांधली, गाडीत ठेवली आणि हळूहळू वर चढून बसली. "हाका बैल," ती म्हणाली.

"कुठं?"

"आधी गावाबाहेर तर पडा."

गाडी तिकाटण्यावर आली. एक वाट आंबेवनची, एक रंगपेठेची, एक काळडोहची. हैबतीने बैल थांबवले ते थांबवलेच. ऊन चढलं. बैलांनी वाटेकडेचं गवत खाऊन संपवलं.

"मला खरंच कळत नाही गं," तो अखेर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "एकाही गावात सगळं धड नाही. जिथं कारभार नीट तिथं मोकळेपणा नाही, जिथं मौज तिथं कारभार नाही, आणि जिथं डोंगर-पाणी तिथं ही वचावचा."

येसूने पदराने त्याचं तोंड पुसलं. "काहीतरी मोडलेलं तर सगळीकडेच असणार. मला एवढंच सांगा, आंबेवनात तळ्याचं कुंपण काढा असं तुम्ही म्हणालात तर?"

"कोण म्हणू देईल?"

"आणि रंगपेठेत साकव बांधू या म्हणालात तर?"

हैबतीने विचार केला. "हो हो म्हणतील. हसतील, भजी खाऊ घालतील. येणार कुणी नाही."

"आणि काळडोहात?"

"तिथं काय, अंगावर येतील सगळे! पण..." तो थांबला. "पण तिथं मला विचारलं होतं त्यांनी. काय वाटतं म्हणून."

त्याला पटलं असं नाही. पण बाकीच्या दोन वाटांकडे बैल वळवायला हात उठला नाही, एवढं खरं. गाडी काळडोहला गेली.

पहिले दिवस वाईट गेले. गावाने घराला जागा दिली, ती नेमकी डोहाच्या पायवाटेवर. येणारा-जाणारा दारात उभा राहून विचारायचा, "तांबटा, तू कुणाच्या बाजूचा?" हैबती खाली मान घालून घंगाळ मठारत राही. त्यातच शिंपी भेटायला आला. आंबेवनात मजेत होता. "रात्री ढाराढूर झोपतो बघ," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिंपी गेल्यावर हैबतीचं पुन्हा चित्त ठिकाणावर राहीना. आपण चुकलो का? अजूनही गाडी जोडावी का?

मग येसूची वेळ आली. भागा आत्या धावत आली, आणि सकाळच्या उन्हात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. दोन दिवस हैबतीला कुठल्याच गावाची आठवण झाली नाही.

तिसऱ्या दिवशी तो पाणी आणायला निघाला, तर पायवाटेवर काट्यांचं कुंपण. आदल्या संध्याकाळी भांडण हातघाईवर आलं होतं आणि सिदूच्या माणसांनी रागारागाने वाट अडवली होती. आता बायकांना खडकांवरून मोठा वळसा घेऊन पाण्याला जावं लागत होतं. भागा आत्या बाळाला न्हाऊ घालण्यासाठी पाणी घेऊन त्याच खडकांवरून येत होती. हैबतीच्या देखत तिचा पाय सटकला. घागर फुटली नाही, तांब्याची होती, पण आत्याचं ढोपर फुटलं.

हैबतीने तिला घरी आणून बसवलं. तो बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिला. मग चप्पल न घालताच चावडीकडे चालू लागला.

चावडीवर नेहमीची गर्दी होती. "मला... मला काही बोलायचंय," हैबती म्हणाला. कुणी ऐकलं नाही. तो पुन्हा बोलला आणि आवाज एवढा मोठा निघाला, की तो स्वतःच दचकला. "वाट अडवायची नाही! गुरांना पाणी पाहिजे, मान्य. गुरं खालच्या अंगाला, जिथं डोह उथळ आहे तिथं पाजा. वर बायका पाणी भरतील. पण माणसाची वाट काट्यांनी अडवायची ही कुठली रीत?"

सिदू गवळी पुढे आला. "काल आलेला तू! तू शिकवणार आम्हाला?"

हैबतीची नजर शिवेकडे गेली. पळावं असं फार वाटलं. "माझी मुलगी इथली आहे," तो म्हणाला. "ती बोलायला लागली की तीच सांगेल. तोवर मी सांगतोय."

कुणीतरी हसलं. मागून एक शेतकरी ओरडला, "बोलू द्या त्याला! पाणी आपल्याच डोहाचं पितोय ना!"

मग जो गलका झाला, त्यात हैबतीही होता. सगळं त्याच्या मनासारखं झालं नाही. गुरं खालच्या अंगाला न्यायचं ठरलं, पण तिथला उतार गाळाचा होता. तो दगड घालून बांधायचा, आणि त्या कामाला वाट उघडा म्हणणाऱ्यांनीच यायचं, असा सिदूने हट्ट धरला. हैबतीला जावं लागणार होतंच. ऊन कलायच्या आत काटे निघाले.

संध्याकाळी दारात सिदू उभा. सिदूने खांद्यावरून दुधाची चरवी उतरवली.

"बाळंतिणीला," तो म्हणाला. जायला वळला आणि पुन्हा थांबला. "तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही."

"मला ठाऊक आहे," हैबती म्हणाला.

"परवा आम्ही डोंगरावर जातोय, करवंदं पिकलीत. येतोस का?"

"येतो."

सिदू गेल्यावर येसूने आतून विचारलं, "काय हो, गाव बरोबर निवडलं ना आपण?"

हैबतीने चरवी आत नेऊन ठेवली. मग म्हणाला, "अजून नीटसं कळलेलं नाही गं. पण उद्या सकाळी लवकर उठव. दगड वाहायचेत."

तात्पर्य काढायचंच तर ते इतकं: बिनतक्रारीचं गाव शोधत बसू नये, जिथल्या तक्रारीत आपल्याला तोंड उघडता येतं आणि हात लावता येतो, तिथं बिऱ्हाड उतरवावं.