उसन्या विरजणाची मंजुरी

"आधी शिकून तयार झालेला पशुवैद्य दाखवा, मग वर्गाला मंजुरी मागा!" भैरवराव महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि अप्पाशास्त्र्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

अप्पाशास्त्री साखरगडच्या पाठशाळेचे मुख्य. पाठशाळा चालायची राजाच्या खजिन्यातून, त्यामुळे तिथली फाटकी चटई बदलायची तरी राजाला विचारावं लागे. यंदा त्यांना गुरांच्या वैद्यकीचा नवा वर्ग काढायचा होता.

"पण महाराज, वर्गच नाही तर वैद्य तयार कुठून होणार? शेजारच्या संस्थानातले म्हाळप्पा वैद्य वर्षभर येऊन शिकवायला राजी आहेत. तेवढे उसने आणू द्या..."

"उसने? नाव काढू नका!" महाराज कडाडले.

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं म्हणा. आधीच्या मुख्यांनी कर्ज काढून पाठशाळेला संगमरवरी कमान बांधली होती आणि स्वप्नांचा अर्थ लावायचा वर्ग काढला होता. त्या वर्गात विद्यार्थी एकच, तोही मुख्यांचा भाचा, आणि तो दिवसभर झोपा काढायचा! म्हणे अभ्यास चाललाय! कर्ज शेवटी महाराजांच्या गळ्यात पडलं. तेव्हापासून उसनं म्हटलं की त्यांचं डोकंच फिरायचं.

"दवंडी पिटा!" महाराज म्हणाले. "ज्याला ज्याला आमच्या खजिन्यातून काही मिळतं, त्याने कुणाकडून काही उसनं आणायचं नाही. आणि नवं काही सुरू करायचं तर ते तयार झालेलं आधी दाखवायचं! पौर्णिमेपर्यंत वैद्य दाखवा, नाहीतर वर्गाचा विषय कायमचा बंद!"

दवंडी आणि दरबारातली सारी हकिगत ऐकून येसू गवळणीच्या हातातली वैरणीची पेंढी खाली पडली. राजवाड्यात रोजचं दही तिच्याकडून जायचं. गेल्या साली घटसर्पाची साथ आली आणि तिचा भरला गोठा रिकामा झाला. उरली ती एकटी कपिली गाय. तिलाही काही झालं तर? तो वर्ग निघायलाच हवा होता!

येसूने घटकाभर विचार केला. मग उठली, गाडग्यातलं होतं नव्हतं ते दही आळीतल्या पोरांना वाटून टाकलं आणि गाडगं घासून पालथं घातलं.

"अगं, विरजणापुरतं तरी ठेवलंस का?" सासूबाई ओरडल्या.

"नाही ठेवलं. आता विरजणाचं महाराजच बघतील!"

दुसऱ्या दिवशी महाराज जेवायला बसले. भाजी झाली, आमटी झाली. शेवटचा भात वाढला गेला. आता दहीभात खाल्ल्याशिवाय महाराज पानावरून उठत नसत, हे साऱ्या साखरगडाला ठाऊक. आणि आचारी उभा हात चोळत!

"दही नाही महाराज. येसूकडून आलंच नाही."

"बोलवा तिला!"

येसू आली. पदर नीट घेऊन अदबीनं उभी राहिली.

"दही कुठंय?"

"लागलं नाही, महाराज."

"का? दूध नाही?"

"आहे की हंडाभर. चांगलं सायीचं. पण विरजण संपलं."

"मग शेजारणीकडून चमचाभर आण! साऱ्या बाया आणतात!"

येसूने दोन्ही कानांना हात लावले. "अगंबाई, उसनं? नाव काढू नका महाराज! माझ्या कपिलीची वैरण सरकारातून येते. दवंडी मलाही लागू!"

पंक्तीला बसलेल्या दिवाणजींना एकदम खोकला आला.

"मग बिनविरजणाचं लाव!" महाराज चिडले. त्यांचा उष्टा हात वाळत चालला होता.

"लावते की! पण नवं काही सुरू करायचं तर तयार झालेलं आधी दाखवायचं ना? तुम्ही या दुधाचं लागलेलं दही दाखवा, मी लगेच विरजायला घेते!"

"अगं बाई, दही असतं तर तुला बोलावलं कशाला असतं?"

"शास्त्रीबुवा काल हेच म्हणत होते, महाराज."

महाराजांनी भुवया उंचावल्या. "चमचाभर विरजण कुठं आणि वैद्य कुठं! उसनवारी करून हे लोक कमानी बांधतात!"

"कमानी पाडा खुशाल! पण माझी गुरं तडफडत होती तेव्हा मी नुसती त्यांच्या गळ्यावरून हात फिरवत बसले होते, महाराज. दुसरं काही येतच नव्हतं मला." येसूने डोळे पुसले. "विरजण एकदाच आणायचं असतं. उद्याचं विरजण आजच्या दह्यातूनच निघतं. म्हाळप्पा एक वर्ष येतील. त्यांच्या हाताखाली आपली माणसं तयार झाली की पुढं शिकवायला ती घरचीच!"

"आणि नासलं तर?" महाराजांनी नेमकं विचारलं.

"म्हणून तर परकं विरजण मी आधी लहान गाडग्यात लावते. लागलं तर मग हंडा. नासलं तर गाडगंभर दूध गेलं. आणि चव बघायला तुम्ही आहातच की!"

महाराज खो खो हसत सुटले. "दिवाणजी, म्हाळप्पांना बोलवा! वर्षभराची मंजुरी. वर्ग लहान गाडग्याएवढा, आणि वर्षाअखेर चव बघायला मी स्वतः येणार! येसू, तुझ्या दावणीला आमच्या दोन दुभत्या गाई. पण आता माझं काय? असा उष्टा हात घेऊन उद्यापर्यंत बसू?"

येसूने पदराखालून एक झाकलेली वाटी काढली. आत पांढरंशुभ्र घट्ट दही!

"अगं, हे कुठून आलं?"

"शेजारच्या अनसूयाकाकूंकडून. उसनं आहे, महाराज. मंजुरी मिळेपर्यंत झाकून ठेवलं होतं!"

आता तर डोळ्यांत पाणी येईतो महाराज हसले. त्यांनी चमचाभर दही विरजणाला बाजूला काढायला लावलं, बाकीचं भातावर ओतून घेतलं, बोटं चाटून पुसून खाल्लं आणि रिकामी वाटी आचाऱ्यापुढे धरली.

"अनसूयाकाकूंची वाटी तशीच पाठवू नका रे. साखरेनं भरून द्या!"