ओ देणारी ठमाय

खाडीचा बांध अजून बायकांच्या हातांनी लिंपला जात होता, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. भोकरखार गावच्या बाया सकाळीच मिठागरात उतरायच्या आणि तान्ही पोरं बांधावरच्या भोकरीखाली झोळ्यांत ठेवायच्या. पोर रडलं तरी कुणी वळून बघत नसे. "रडू दे गो, छाती घट्ट व्हते," असं थोरल्या बायाच सांगायच्या.

ठमायनंही ते ऐकलं. एका दुपारी तिचा पहिला मुलगा रडून रडून गप्प झाला, तेव्हा तिला बरंच वाटलं. काम उरकून ती झोळीपाशी आली, तर पोराचं अंग तापानं भाजत होतं आणि जीव गेलेला होता.

त्यानंतर तिनं मिठागरात पाय ठेवला नाही. ती भोकरीखाली बसली ती बसलीच. कुणाच्याही झोळीतून रडणं आलं, की "ओ!" म्हणायची आणि उठायची. हातात घास असो नाहीतर अंगात ताप. असं म्हणतात, चाळीस वर्षांत एकही हाक तिनं ओ दिल्यावाचून सोडली नाही. बाया नाकं मुरडायच्या. "लाडावून ठेवतेस गो पोरांना. उद्या वाऱ्याला भितील." ठमाय पुढच्या झोळीकडे वळायची.

मग एका अमावास्येच्या भरतीला, भर दुपारी, बांध फुटला. ठमायच्या हाताखाली वाढलेली सात पोरं खेळायला गेली होती, ती पाण्यापलीकडच्या उंचवट्यावर अडकली. चौफेर पाणी, खाली कमरेएवढा चिखल. भिऊन एखादं धावलं असतं तर हाती लागलं नसतं. सगळ्यांत धाकटा किंचाळला, "ठमाय!"

म्हातारी ठमाय अलीकडे उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. ओ देऊन देऊन गळा झिजला होता, असं म्हणतात. तिला ती जुनी दुपार आठवली.

तेवढ्यात उंचवट्यावरून आवाज आला, "ओ!"

सात वर्षांच्या धर्मीनं धाकट्याला पोटाशी धरलं होतं. "ओ, मी हाय ना. बस खाली." धाकटा रडला, की धर्मी ओ द्यायची, धर्मीला हुंदका आला, की दुसरं कुणी. पाणी गुडघ्यांना लागलं, पण एकही पोर जागचं हललं नाही. तो आवाज ऐकून भरतीसुद्धा तिथंच थांबली, असं म्हणतात. होडीवाल्यांनी सातही जणांना सुखरूप आणलं. पदरात तोंड घालून ठमाय रडत होती. तिला नावं ठेवणारी एक बाई जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "ओ."

आजही भोकरखारला बारशाच्या दिवशी कानात नाव सांगून झालं, की सगळे गप्प बसून वाट बघतात. बाळ रडतं. मग जमलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "ओ!" त्याआधी घुगऱ्यांना कुणी हात लावत नाही.